गोल अर्जातलं पहिलं नाव

गेल्या महिन्यात एका सकाळी दूध घालायला येणारा पांडू दारातूनच म्हणाला, "तात्या, आपला नंबर एक गेला की. पहाटंला." मी हातातला कप खाली ठेवला आणि चप्पल शोधू लागलो. ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीत बाबालाल शिकलगाराला बाबालाल म्हणणारी माणसं आता तीन-चारच उरली होती. बाकी सगळ्यांचा तो नंबर एक. नव्या पोरांना तर वाटायचं, त्याच्या घराचा नंबर असेल, किंवा तालमीत कधी पहिला आला असेल म्हातारा. मातीला गेलो. परत येताना ओढ्यावरच्या साकवावर माझ्या पुढं दोघं-तिघं चालले होते. त्यातला एक म्हणाला, "माणूस लाख हुता. पर म्होरं म्होरं करायची खोड. तीच नडली त्याला." दुसऱ्यानं मागं वळून मला पाहिलं आणि आदरानं वाट दिली. "हे तात्या हुते तवा कचेरीत. त्यांनीच ह्यो साकव आणला. त्यांस्नी समदं ठावं हाय." मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही. पन्नास वर्षं मी ती मान अशीच हलवत आलो आहे… तीन-चार आठवडे झोप नीट लागली नाही. म्हणून हे लिहितो आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना आमची वस्ती ठाऊक नसेल, पण वस्तीतले लोक हा कागद वाचतील, आणि मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीत पंचवीस-तीस उंबरे, निम्मे कुणबी-मराठ्यांचे आणि निम्मे मुसलमानांचे. पिंजारी, शिकलगार, एक अत्तार. शहर समोर दिसायचं, पण मध्ये ओढा. आठ महिने त्यात गुडघाभर पाणी, आणि पावसाळ्यात तो असा फुगायचा की चार-चार दिवस पलीकडं जाता यायचं नाही. बाबालाल माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. उंच, हडकुळा, धारेच्या ठिणगीनं डाव्या भुवईत एक डाग पडलेला. हत्याराला धार लागली की नाही ते तो अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघायचा आणि जमलं की स्वतःशीच हसायचा. त्याच्या घराण्याकडं शहरातल्या एका सरदारांच्या शिलेखान्याचं काम होतं. दसऱ्याआधी पंधरा दिवस वाड्यावर बसायचं, सगळ्या तलवारी-कट्यारींचा गंज काढून त्यांना पाणी द्यायचं, आणि दसऱ्याच्या दिवशी सरदारांच्या हातून नारळ आणि शेला घ्यायचा. वर्षभर तो विळे आणि अडकित्ते घासायचा, पण त्या पंधरा दिवसांबद्दल बोलताना त्याची पाठ सरळ व्हायची.

त्याचा बाप आषाढात वारला. ओढा दुथडी. कबरस्तान पलीकडं. मुसलमानांत माती लवकर व्हावी लागते, आणि हा देह दीड दिवस घरात पडून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी जरा उतरलं तशी आम्ही बाराजण जनाजा घेऊन ओढ्यात उतरलो. छातीपर्यंत पाणी, खाली चिखल. मध्यावर माझ्या चुलत्याचा, आबांचा, पाय निसटला आणि जनाजा एका बाजूला कलला. बाबालालनं एका हातानं तो पेलला. त्याचं तोंड मला अजून दिसतं. पलीकडं गेल्यावर, माती देऊन झाल्यावर, तो तिथंच दगडावर बसला आणि म्हणाला, "शिरप्या, साकव पायजे. बाबाच्या नशिबात न्हवता. आता दुसऱ्याचा बाप असा जायला नगो."

मी तेव्हा विशीत होतो. मराठी सहावी पास, आणि कचेरीत उमेदवार कारकून. उमेदवार म्हणजे काम करायचं, आणि कायम होण्याची वाट बघायची. वस्तीत लिहितावाचता मी एकटाच, म्हणून अर्ज मी लिहायचा असं ठरलं. अर्ज लिहिणं सोपं होतं. माणसं गोळा करणं अवघड. बैठक बोलावली की निम्मे यायचेच नाहीत, आलेले तंबाखू मळत बसायचे आणि मुद्द्याची गोष्ट निघाली की कुणाला तरी म्हैस सोडायची आठवण व्हायची. बाबालालनं त्यावर तोड काढली. बैठका बंद. आपलं धारेचं चाक खांद्यावर घेऊन तो रोज दोन घरांत जायचा. "काकू, विळा द्या, घासून देतो." विळ्याला धार लागेपर्यंत घरातला माणूस उठून जाणार कुठं? हत्यार याच्या हातात. चाक फिरत असायचं आणि तो बोलत असायचा, आणि समोरचा ऐकत असायचा. महिन्याभरात वस्तीत एकही विळा बोथट राहिला नाही, आणि एकही घर असं राहिलं नाही की जिथं साकवाची गोष्ट पोचली नाही.

मग साकव कुठं हवा यावर जुंपली. आमच्या आळीला वरच्या वडाजवळ हवा, पिंजाऱ्यांना खाली त्यांच्या दाराशी. आठ-दहा दिवस कुणी कुणाचं तोंड बघेना. बाबालाल स्वतः खालच्या आळीतला, त्यानं काही म्हटलं असतं तर तो आपल्या आळीचं बघतो असं झालं असतं. तो गंगूआत्याकडं गेला. गंगूआत्या वस्तीची सुईण. हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्यांच्या घरी तीच. तिला त्यानं चार माणसांसमोर विचारलं, "आत्या, पाण्यातनं बाळंतिणीकडं जातीस, तवा कुठनं उतरतीस?" आत्या म्हणाली, "वडाजवळ खड्डा हाय मुडद्या, आन् खाली शेवाळ. मी मधनं जाती, काळ्या दगडापासनं." साकवाची जागा ठरली. तिच्या हातावर जन्मलेला कोण तिला खोटं पाडणार होता?

एवढं झालं आणि अर्जावर नावं घालायची वेळ आली. पहिल्या दिवशी भांडण झालं ते पहिलं नाव कुणाचं यावरून. आबा म्हणाले, मी वस्तीचा पंच, माझा नांगर पहिला. त्या काळात ज्याला सही येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढायचा. कुणब्याचा नांगर, शिंप्याची कातर, बाईची बांगडी. अत्तार म्हणाला, मला सही येते, खुणेच्या आधी सही पाहिजे. दोघंही हटेनात. मग कुणीतरी बोललं की काळा दगड आहे तिथं पलीकडचा काठ सरदारांच्या शेतात येतो, दोन हात पट्टी त्यांच्या बांधातून घ्यावी लागेल. म्हणजे पहिलं नाव ज्याचं, वाड्याचा राग त्याच्यावर. आमचे आबा सरदारांचं रान वाट्यानं करत होते. पिंजाऱ्यांना वाड्यावरच्या गाद्या भरायचं काम. दुसऱ्या दिवशीपासून पहिलं नाव कुणालाच नको झालं. काल हक्क सांगणारे आबा म्हणाले, "तरण्या पोरांनी म्होरं व्हावं. आमचं काय राह्यलंय." अत्ताराला तर दोन दिवस ताप आला.

बाबालाल धार लावत बसला होता. मी जाऊन सांगितलं, बारगळलं सगळं. त्यानं पट्टा सोडला, चाक फिरता फिरता थांबलं. त्याकडं बोट दाखवून म्हणाला, "शिरप्या, ह्याची सुरवात कुठं हाय, दाव." मी म्हटलं, चाकाला कसली सुरुवात? "मग नावंबी तशीच घाल की. मधी मजकूर लिव्ह, आन् भवतीनं नावं. कोण पयला, कोण शेवटला, वाचणाऱ्याच्या बाला कळायचं न्हाई." मी ताट ठेवून मोठ्या कागदावर गोल काढला. आत मजकूर लिहिला. भोवती एकेकानं आपलं नाव सांगितलं, मी लिहिलं, आणि त्यापुढं ज्यानं त्यानं आपली खूण काढली. बाबालालनं छोटीशी सुरी काढली. आबांचा नांगर आणि अत्ताराची सही समोरासमोर पडली, त्यामुळं दोघंही खूष. गंगूआत्यानं बांगडी काढली ती जरा लांबट झाली, तर अत्तार म्हणाला, "आत्या, ही बांगडी हाय का दुधी भोपळा?" सगळे हसले. वस्ती इतकी एकत्र बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

अर्ज मीच कचेरीत नेला. हेडकारकुनांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, फिरवून फिरवून पाहिला. चिडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "पोळी लाटलीस की अर्ज केलास? हा दप्तरात कसा लागायचा? साफ नक्कल कर. एकाखाली एक नावं, आकडे घालून. संध्याकाळी टपालात गेली पाहिजे. आणि हे बघ, तुझं कायम करायचं पत्र याच आठवड्यात वर पाठवतो आहे. अक्षर नीट काढ." त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो फक्त नकलेचा प्रश्न होता. मी वस्तीत परत जाऊन विचारू शकलो असतो. अर्ध्या तासाची वाट. निदान हेडकारकुनांना सांगू शकलो असतो की नावं गोल का आहेत. मी टाक घेऊन बसलो आणि आकडा एक घातला. त्यापुढं स्वतःचं नाव लिहायला घेतलं. 'श्री' एवढंच अक्षर झालं आणि मला ते पत्र दिसलं, सरदारांचा एक निरोप आला तर ते वर जाणार नाही हे दिसलं. तो कागद मी फाडला. दुसऱ्या कागदावर आबांचं नाव घालावं म्हटलं, तर आमच्या घरचं वाट्याचं रान दिसलं. मग मी लिहिलं, एक, बाबालाल, निशाणी सुरी. आपल्याशीच म्हणालो, सगळं त्यानंच केलंय, त्याला चालेल… त्याला चालेल, असं मी त्याला न विचारता ठरवलं. घरांच्या ओळीनं नावं घातली असती, वयाच्या क्रमानं घातली असती, तरी चाललं असतं. हे मला आता म्हातारपणी सुचतं. त्या दुपारी फक्त माझं पत्र सुचत होतं.

दोन महिन्यांनी जागा बघायला कचेरीतले साहेब आले. सोबत सरदारांचे कारभारी. फाईल धरायला मी. सगळी वस्ती काळ्या दगडाजवळ जमली होती. साहेबांनी माझ्या हातातली फाईल उघडली आणि वाचलं, "अर्जदार नंबर एक, बाबालाल. कोण?" लोक एकमेकांकडं बघू लागले. नंबर एक कुठला, अर्ज तर गोल होता. बाबालालनंही भुवई वर केली. मग त्याची नजर साहेबांच्या हातातल्या कागदावर गेली. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर तो ओळखायचा, माझ्या वेलांट्यांना तो विळे म्हणायचा. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फाईलची दोरी बोटाला गुंडाळत होतो. बाबालाल एक पाऊल पुढं आला आणि म्हणाला, "व्हय साहेब. मीच."

आणि मग तो बोलला, जसा चाक फिरवताना बोलायचा तसा. बापाच्या जनाज्याचं सांगितलं. कारभारी मध्येच म्हणाले, "बांधातली जागा द्यायचा प्रश्नच येत नाही. वाड्याचा यात काय फायदा?" बाबालालनं गंगूआत्याला पुढं केलं. "सरकार, वाड्यावरच्या धाकट्या वहिनीसाहेब मोकळ्या झाल्या तवा सुईण कोण हुती?" कारभाऱ्यांनी आत्याकडं पाहिलं. "हीच. श्रावणात. ह्याच पाण्यातनं आलती. येताना वाहून गेली असती तर?" आत्या म्हणाली, "मला पवता बी येत न्हाई." साहेब हसले, कारभारी पण हसले. जागा मिळाली. पुढच्या पावसाच्या आत साकव झाला, तोच जो आज आहे.

पण त्याच दिवशी, साहेब गेल्यावर, आबांनी सगळ्यांसमोर बाबालालला गाठलं. "का रं, चाकाला सुरवात नसती म्हणत हुतास. आता बरी घावली सुरवात? आमास्नी गोल फिरवलंस आन् आपलं नाव म्होरं घातलंस." पिंजारी म्हणाले, "आमच्यातला असून आमालाबी फशिवलंस." तो काही बोलला नाही. एकदाही माझ्याकडं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर लोकांनी पण बघितलं असतं. मी तिथंच उभा होतो. चार शब्दांचं काम होतं.

पुढच्या दसऱ्याला वाड्यावरून त्याला बोलावणं आलं नाही. पंधरा दिवस आधी तो रोज अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचा. बोलावणं दुसऱ्या शिकलगाराला गेलं. कारभाऱ्यांना लोकांसमोर हसावं लागलं होतं ते वाड्यावर कुणाला तरी खुपलं असावं, आणि कागदावर नाव एकच दिसत होतं. त्यानंतर तलवार त्याच्या हातात कधी आली नाही. चाक खांद्यावर घेऊन तो कसबा बावड्याला जायचा, कळंब्याला जायचा, आठवडी बाजाराला पार मलकापूरपर्यंत जायचा, घरोघरीच्या विळ्या आणि न्हाव्यांचे वस्तरे घासायचा. वस्तीत त्याला नंबर एक म्हणू लागले. आधी टोचून, मग सवयीनं.

माझं पत्र आलं, मी कायम झालो. पेढे घेऊन त्याच्याकडं गेलो. म्हटलं, "बाबालाल, मी आज वस्तीत सांगून टाकतो." त्यानं पेढा खाल्ला, हात सदऱ्याला पुसले. म्हणाला, "कायम झालास न्हवं? मग गप बस. आत्ता बोललास तर तुझं कायम जाईल, आन् माझं तर गेलंच हाय." मला किती हायसं वाटलं ते लिहायची लाज वाटते. त्यानं त्या दिवसापुरतं सांगितलं असेल. मी पन्नास वर्षं गप बसलो. आबा गेले, कारभारी गेले, संस्थान विलीन झालं, सरदारांचा वाडा विकला गेला, मी पेन्शनीत निघालो. बोलायला अडचण कसलीच उरली नव्हती. उलट दरम्यान केव्हातरी, साकव मीच कचेरीतून वशिल्यानं आणला, असं लोक म्हणू लागले होते, आणि मी नाही म्हटलं नव्हतं. वस्तीनं पुढं दिव्यासाठी अर्ज केला, शाळेसाठी केला. दोन्ही वेळा बाबालालला बैठकीला बोलावलं नाही, पुन्हा स्वतःचं नाव पुढं घालील म्हणून. दोन्ही अर्ज आपसातल्या भांडणात बारगळले. तो असता तर बारगळले नसते, हे मला दोन्ही वेळा कळत होतं. वाटेत भेटला की तो मात्र तसाच हसायचा. "काय शिरप्या, कचेरी काय म्हंती?" एवढंच. कधी टोमणा नाही. टोमणा मारला असता तर मी कदाचित सुटलो असतो.

हे लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, गेल्या रविवारी मी हलिमावहिनींकडं गेलो. बाबालालची बायको. मला वाटलं होतं, तिला ठाऊक असणार. नवरा-बायकोत एवढी गोष्ट राहील कशी? मी सांगत गेलो आणि तिचा सुपातला हात थांबला. पार शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "भावजी, मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई." पुढं म्हणाली, "मी त्यांस्नी किती बोलली. दर दसऱ्याला बोलली. म्होरं म्होरं करून वाड्याचं काम घालवलंसा, पोरांच्या तोंडातला घास घालवलासा… दुखण्यात पडल्यावरबी बोलली. ते नुसतं हसायचे. मला वाटायचं, निबर हाय माणूस." तिनं सूप बाजूला ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "तुमी वस्तीचं नुसकान केलंसा ते केलंसा. माझ्याकडनं हे करून घ्यायला नगो हुतं."

मी कागद पुढं केला. म्हटलं, पुरवणीत येईल, शहरभर लोक वाचतील. ती म्हणाली, शहराचं मला काय करायचंय, वस्तीत निम्म्यांना वाचता येत नाही आणि ज्यांना येतं ते वाचत नाहीत. मग तिनं बाहेर बघितलं. तिच्या दाराच्या डाव्या अंगाला ओटा आहे. बाबालाल संध्याकाळी तिथं भिंतीला टेकून बसायचा. टेकून टेकून भिंतीचा तेवढा रंग गेला आहे, आणि खाली जाजम अजून अंथरलेलं असतं. ती ते रोज सकाळी झटकून पुन्हा घालते. त्याच्यामागं तिथं अजून कुणी बसलेलं नाही. त्या जागेकडं बोट करून ती म्हणाली, "हितं बसा, आन् तुमीच वाचा. वरच्या आळीला ऐकू जाईल असं. मी समद्यांना बोलावती."

येत्या रविवारी संध्याकाळी जायचं ठरलं आहे. आवाज आता बसका झालाय, दोन वाक्यांत धाप लागते. वहिनी म्हणाली, दमलात तर थांबा, पाणी देईन, पण सगळं वाचा.